जांभळा अंगठा

माझ्या नवऱ्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. हे आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक आहेत, आणि कुणी कण्हताना दिसलं की ह्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेलाच म्हणून समजा. बसमध्ये शेजारी खोकणारा अनोळखी माणूससुद्धा ह्यांच्या तावडीतून सुटत नाही. खिशात ऑलिव्ह तेलाची बोटभर बाटली कायम असते. आजाऱ्याच्या कपाळाला ते तेल लावायचं, डोळे मिटायचे आणि प्रार्थना करायची, हे आमच्या मंडळीत वर्षानुवर्षं चालत आलंय. मला त्याचं कौतुक होतं, अजूनही आहे. फक्त त्या एका दिवशी ते हात मी मनगटापासून तोडून टाकले असते.

आम्ही सेवेसाठी परदेशात गेलो होतो, मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला. तुकडी म्हणायची, पण तशी घरचीच. ऑपरेशन करणाऱ्या माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. डोळ्यांच्या सर्जन, देवावर गाढ विश्वास आणि गबाळेपणाचा तितकाच गाढ तिटकारा. त्यांच्या हाताखाली थिएटरची सिस्टर मी. घरी त्या मला ‘अगं’ म्हणतात, थिएटरात ‘सिस्टर’, आणि कुठल्या वेळी मी कोण आहे हे विसरलेलं त्यांना खपत नाही. हे आले होते प्रार्थनेला, सामान उचलायला आणि लोकांशी गोड बोलायला.

सेवेच्या प्रवासाचं मंडळीपुढे वर्णन करताना हे म्हणतात, ‘प्रभूने वाट मोकळी केली.’ केली असेल. पण विमानतळावर आमची मोठी बॅग काही आली नाही. कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन ते कळावं म्हणून पेशंटला लावायचे स्टिकर त्याच बॅगेत होते, न पुसणारे मार्करही त्यातच. मुक्काम एका शाळेत. ढेकणांनी अंगाची चाळण केली, पाणी बादलीनं मोजूनमापून, आणि पोटाची तर अशी दैना की कोण कधी कुठे पळेल याचा नेम नाही. वन्संनी बाजारातून एक साधा जांभळा मार्कर आणवला आणि काम सुरू केलं.

शाळेच्या प्रयोगशाळेचं आम्ही थिएटर केलं होतं. घासून घासून माझी नखं झिजली. वन्संनी दारात जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली आणि भावाला समोर उभं केलं.

“बाळ्या, देव आतबाहेर कुठेही फिरू दे. तू मात्र ह्या पट्टीच्या बाहेर. माझ्या कामात हात घातलास तर त्याच दिवशी सामान बांधीन. घरी जाऊन बाबांनाही सांगीन का आले ते.”

“ताई, मी कशाला हात घालतोय?” हे म्हणाले. ह्यांचे हात मला ठाऊक आहेत.

त्या शाळेची देखभाल करणारी एक बाई होती. तिला आम्ही चावीवाली म्हणायचो, कारण कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की ती येण्याआधी तिचा आवाज यायचा. पहिल्याच दिवशी आमचं जुंपलं. हत्यारं उकळायला मी पाणी जास्त वापरते म्हणून तिनं नळाच्या खोलीला कुलूप घातलं. मी मराठीत बोलत होते, ती तिच्या भाषेत, पण भांडण दोघींना अगदी नीट कळत होतं. तोंडाला तोंड देणारी बाई भेटली की मला आधी राग येतो आणि मग जीव लागतो. संध्याकाळी माझी कंबर धरलेली पाहून तिनं स्वतःच्या खोलीतली गादी ओढत आणली, माझ्या अंगाखाली सरकवली आणि वर दोन शब्द ऐकवून गेली. सकाळी पुन्हा पाण्यावरून भांडण. मला तिथं घरच्यासारखं वाटायला लागलं ते तेव्हापासून.

तिला फार कमी दिसायचं. कुलूप उघडताना ती मान उजवीकडे वळवायची, डावा गाल कुलपाला जवळजवळ टेकवायची आणि मग चावी घालायची. शाळेतली एवढी दारं ती रोज तशीच उघडत होती. दिसायचं बंद झालं असतं तर तिची नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर राहायची खोलीही. हे सगळं आम्हाला शाळेतल्या शिक्षिकेनं सांगितलं. ती आमची दुभाषी. तिच्याशी आमचं इंग्रजीत चालायचं.

चावीवालीला तपासलं त्या दिवशी वन्सं जेवताना म्हणाल्या, “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. एकातला पिकलाय, तो काढते. दुसरा डोळा तिचा दिसणारा, पण त्याला कधीतरी जबर मार बसलाय. आतलं भिंग नुसतं लोंबतंय. तिथे इथल्या सामानावर सुरी लावली तर डोळा जाईल, आणि मग ती ठार आंधळी. त्याला कुणी हात लावायचा नाही.”

उजवा कुठला, डावा कुठला, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. वन्संचा नियमच होता, आठवणीवर नाही, बाणावर चालायचं. तपासून झालं की त्या स्वतः भुवईच्या वर मार्करनं लहानसा बाण काढायच्या. टेबलावर घेतल्यावर शिक्षिका केसपेपर वाचून दाखवायची, कारण तिथल्या सरकारच्या नियमाप्रमाणे पेपर तिथल्या लिपीत होते आणि आम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पेपर आणि बाण जुळले की मगच भुलेची सुई.

त्या सकाळी निरोप आला की दुपारी वीज जाणार आहे. जनरेटर तर आदल्या दिवसापासून रुसलेला. वन्सं घाईला आल्या. बाहेर बाकावर पेशंट ओळीनं बसलेले, सगळ्यांच्या कपाळावर बाण. आत वाकून बघता यावं म्हणून सगळ्यांच्याच दोन्ही डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे दोन्हीकडच्या बाहुल्या सारख्याच मोठ्या. पहिला पेशंट एक सुतार. त्याचं ऑपरेशन छान झालं, आणि शिक्षिका त्याला हाताला धरून वॉर्डात, म्हणजे चौथीच्या वर्गात, निजवायला घेऊन गेली.

मग चावीवाली आली. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, आणि गाऊनच्या आत चाव्या. जुडगा काही केल्या सोडेना. “राहू दे,” वन्सं म्हणाल्या. टेबलावर आडवी झाल्यावर तिनं माझा हात घट्ट दाबला. कपाळ चमकत होतं. मला वाटलं, घाम.

“पेपर?” वन्संनी विचारलं.

“शिक्षिका सुताराबरोबर गेलीय. बोलावू?”

वन्संनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “वीज जाईल. बाण आहे ना?”

“आहे. डावा.”

“चला मग.”

डोळ्याच्या कडेनं आत सुई गेली. चावीवाली हूं की चूं न करता पडून राहिली. भूल आत पसरावी म्हणून मिटलेल्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून तळव्यानं थोडा वेळ दाबायचं असतं. ते काम माझं. मी दाबून उभी राहिले, वन्सं कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुवायला गेल्या.

दाराला वरच्या बाजूला काच होती. तिच्यातून मला हे दिसले. लाल पट्टीच्या पलीकडे, बाकाजवळ, डोळे मिटून, उजवा हात वर करून प्रार्थना चाललेली. अंगठा जांभळा झाला होता.

आधी मला हसू आलं. मतदान करून आल्यासारखा दिसत होता. आणि मग लक्षात आलं, जांभळा म्हणजे मार्कर.

मी खाली वाकून चावीवालीचं कपाळ पाहिलं. तो घाम नव्हता. तेल होतं. वन्संचा बाण बारीक, दोन फटकाऱ्यांचा. हा जाडजूड होता, रस्त्यावरच्या पाटीवर असतो तसा. आणि दुसऱ्या भुवईवर, तेलात पसरलेली, पुसटशी जांभळी छटा. मला कुलपाजवळची तिची मान आठवली. डावा गाल. डावा डोळा. माझ्या तळव्याखाली होता तो तिचा दिसणारा डोळा होता. लोंबत्या भिंगाचा. आणि मी तो दाबत होते.

हात आपोआप वर आला.

“सिस्टर, हात का काढलास?” वन्सं नळाशीच होत्या, पण त्यांना पाठीला डोळे आहेत.

खरं बोलले तर ह्यांचं काय होईल, वन्सं काय करतील, मंडळीत हे कुठल्या तोंडानं उभे राहतील, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. बायको म्हणून मी तेवढा क्षण घेतला, जास्त नाही.

“वन्सं, थांबा. हा बाण तुमचा नाही. ह्यांनी तेल लावलंय. पुसलेला बाण ह्यांनी परत काढलाय.”

नळ तसाच वाहत राहिला. वन्संनी ओल्या हातांनी येऊन कपाळ पाहिलं, टॉर्च घेऊन डोळा पाहिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “शिक्षिकेला आण,” म्हणाल्या. मी धावले. शिक्षिकेनं पेपर वाचला आणि उजव्या डोळ्याकडे बोट केलं.

वन्सं दाराकडे गेल्या आणि स्वतःची लाल पट्टी ओलांडून बाहेर आल्या. “बाळ्या, हात दाखव.”

ह्यांनी हात पुढे केला. ह्यांना खोटं बोलता येत नाही, तेवढं मात्र मी छातीठोकपणे सांगेन. “ताई, तेल लावताना पुसले गेले गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू चिडशील म्हणून मग सुतार टेबलावर असताना मी शिक्षिकेला एकेकाचा पेपर विचारला आणि बाण परत काढले. ती उजवा म्हणाली, मी उजवाच…” बोलता बोलता ह्यांनी उजवा हात उचलला आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या भुवईपर्यंत नेला. तिथे तो थांबला. म्हाताऱ्याच्या डाव्या भुवईसमोर. “हा तर माझा उजवा,” हे पुटपुटले.

“सगळ्यांचे?” वन्संनी विचारलं.

“सगळ्यांचे,” हे म्हणाले.

तेवढ्यात आतून चावीवालीची हाक आली. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी मोठ्यानं. शिक्षिका जागच्या जागी थिजली.

“काय म्हणतेय?” मी विचारलं.

“दिवा लावा म्हणतेय.”

खोलीत लख्ख ऊन होतं. भुलेनं तिचा एकमेव दिसणारा डोळा बंद केला होता, आणि दुसऱ्यानं तिला भिंतही दिसत नव्हती. ती टेबलावर उठून बसली होती आणि हवेत हात फिरवत होती. मी तिला मिठीत धरलं तर तिनं मला ढकललं, मग माझी कंबर चाचपली, मी कोण ते तिला कळलं, आणि तिनं माझा गाऊन मुठीत धरून ठेवला.

वन्सं माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलल्या, मराठीत, शिक्षिकेला कळू नये म्हणून. “भूल उतरली की दिसायला हवं. सुईनं आत काही बिघडलं नसेल तर. आणि दाबल्यामुळे भिंग सुटलं नसेल तर.”

“दाबलं मी.”

“मी सांगितलं म्हणून. पेपर न वाचता.” एवढंच म्हणून त्या बाकावरच्या सगळ्यांचे बाण स्पिरिटनं पुसायला गेल्या. त्या दिवशी पुढचं एकही ऑपरेशन त्यांनी केलं नाही.

आम्ही चावीवालीला चौथीच्या वर्गात खिडकीजवळच्या खाटेवर बसवलं. तिला सांगायला हवं होतं. वन्सं सांगणार होत्या, पण हे पुढे आले आणि शिक्षिकेला म्हणाले, “मी सांगतो. तुम्ही शब्द बदलू नका.” तेल, बाण, उजवी बाजू, सगळं सांगितलं. कुठेही ‘प्रभूची इच्छा’ म्हणाले नाहीत. मला वाटतं त्या दिवशी ह्यांनी तसं म्हटलं असतं तर मी ह्यांच्याशी जन्मभर बोलले नसते.

चावीवालीनं सगळं ऐकून घेतलं. मग काहीतरी विचारलं.

“विचारतेय, दिसेल का परत?” शिक्षिका म्हणाली.

“मला माहीत नाही,” हे म्हणाले. “ताई म्हणते, दिसायला हवं. पण मला माहीत नाही.”

ह्यांचा हात तिच्या डोक्याकडे निघाला होता. मी पाहिलं, वन्संनीही पाहिलं. तो अर्ध्या वाटेत थबकला आणि मागे फिरला. चावीवालीनं गाऊनच्या आत हात घालून जुडगा काढला. मला वाटलं, आता भिरकावते ह्यांच्या तोंडावर. भिरकावला असता तर मी अडवलं नसतं. पण तिनं हवेत चाचपत ह्यांचा हात शोधला आणि जुडगा त्यात आपटला.

“म्हणतेय,” शिक्षिका अडखळत म्हणाली, “मला दिसेपर्यंत दारं तू उघडायची.”

आणि मग दुपारभर ह्यांची जी वरात निघाली! स्वयंपाकघराचं दार, पाण्याची खोली, वर्ग, संडास, सगळीकडून हाका. कुठली चावी कशाची याचा ह्यांना पत्ता नाही. एकेक घालून बघायचे, घाम पुसायचे, पुढची घालायचे. दारापुढे लोक खोळंबलेले. एरवी ह्या दृश्यावर मी आठवडाभर चेष्टा केली असती. हे मात्र दर थोड्या वेळानं धावत यायचे, उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचे, ‘नाही, अजून नाही’, की हे परत पुढच्या कुलपाकडे.

ती माझी मूठ सोडत नव्हती. बोटं दुखून आली. मी प्रार्थना करत होते का? करत होते, पण ती प्रार्थना म्हणण्यासारखी नव्हती. मी देवाशी सरळ भांडत होते. इतक्या लांब आलो, ढेकूण सोसले, उलट्या सोसल्या, ते काय ह्या बाईचे डोळे घालवायला? त्याच्याशी भांडायला भाषेची अडचण नव्हती. मधूनच ती विचारायची, तोच शब्द. दिवा. आणि मी तिचा हात खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरायचे, निदान ऊब तरी लागावी म्हणून.

ऊन भिंतीवरून वर सरकलं. वन्सं येऊन पापणी उचलून टॉर्चनं बघत होत्या आणि परत जात होत्या.

अखेर चावीवालीची बोटं सैल झाली. तिनं मान उजवीकडे वळवली, ती कुलपाशी वळवायची तशी, आणि डावा डोळा माझ्या तोंडाजवळ आणला. बराच वेळ बघत राहिली. मग काहीतरी पुटपुटली.

शिक्षिका हसायला लागली आणि हसता हसता रडायला. “म्हणतेय, रडताना तू आणखीच वाईट दिसतेस.”

मी ओरडले, “वन्सं!” वन्सं धावत आल्या. डोळा तपासायचं हातातलं यंत्र लावून किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. “भिंग जागेवर आहे,” म्हणाल्या, आणि तिथल्याच एका लहान मुलांच्या खुर्चीवर बसून दोन्ही हातांत तोंड झाकलं. मी त्यांना एवढ्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. हे दारात उभे होते, जुडगा हातात घेऊन. आत यायचं धाडस होत नव्हतं.

“ये आत,” वन्सं तोंडावरचे हात न काढता म्हणाल्या. “ही चौथी आहे. इथे पट्टी नाही.”

आता ती परत टेबलावर झोपेल असं आम्हाला वाटत नव्हतं. वन्संनी शिक्षिकेकरवी सांगितलं, नको असेल तर नको, कुणी जबरदस्ती करणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चावीवाली सगळ्यांच्या आधी, भिंत चाचपत, दारात हजर. डाव्या डोळ्यावर भलीमोठी चिकटपट्टी स्वतःच लावून आली होती, उलटसुलट, इकडे फिरकू नका अशी. वन्संनी बाण काढला. शिक्षिकेनं पेपर वाचला, दोनदा. हे पट्टीच्या बाहेर, दोन्ही हात खिशात घालून, भिंतीला पाठ लावून उभे होते. बाटली आदल्या दिवशीच माझ्या स्वाधीन केली होती.

वन्सं आत जाता जाता थांबल्या. “बाळ्या, प्रार्थना कर.”

“करू?”

“कर. हात खिशात ठेवून. आणि डोळे उघडे.”

ह्यांनी केली. लहानशी. ह्यांना एवढी लहान प्रार्थना येते हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. वन्सं आमेन म्हणाल्या आणि आत गेल्या. वीज गेली नाही, जनरेटर लागला नाही, उजव्या डोळ्याचा पिकलेला मोतीबिंदू बाहेर आला.

पण दिसेल की नाही ते डोळ्यावरची पट्टी सुटल्याशिवाय कळत नाही. ह्यांना झोप नव्हती. मार्करचा डाग घालवायला ह्यांनी अंगठा साबणानं घासला, दगडानं घासला, माझ्याकडून स्पिरिट मागून घेतलं. सकाळी मला अंगठा दाखवला. “गेला ना गं?” मी बघितला. लाल, सोललेला, पण स्वच्छ. “गेला,” म्हटलं.

वन्संनी पट्टी सोडली. चावीवाली डोळे मिचकावत बसून राहिली. तिनं मान वळवली नाही, सरळ ठेवली. वन्संकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिची नजर ह्यांच्यावर येऊन थांबली. दोन दिवस ह्यांच्याकडेच असलेला तिचा जुडगा परत द्यायला हे पुढे झाले. तिनं जुडगा घेतलाच नाही. ह्यांचं मनगट धरून हात जवळ ओढला, अंगठा वर केला, डाव्या डोळ्यावर स्वतःचा तळवा झाकून नुसत्या उजव्या डोळ्यानं पाहिला, आणि मोठ्यानं काहीतरी बोलून नखाच्या कडेवर बोट ठेवलं.

मी वाकले. दिसेना. चष्मा लावला. नखाच्या कोपऱ्यात, कातडीत शिरलेली, केसाएवढी जांभळी रेघ राहिली होती.

चावीवालीनं आपल्या बाहीचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि ह्यांना दटावत दटावत ती रेघ घासायला लागली. हे लहान पोरासारखे उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, “अगं, दृष्टी छान आली हिला,” आणि पुढच्या पेशंटची पट्टी सोडायला वळल्या.